गणपतीतल्या कुटुंबफोटोचं चिकटवहीतलं पान : काय ठेवू, काय काढू?

जांभ्याची_पायरी

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचं घर, पाच दिवसांचा गणपती. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आली आहे. हातात थोडे दिवस जास्त मिळालेत आणि ते मी एकाच कामासाठी राखून ठेवलेत. घरची चिकटवही सुरू करायची आहे आणि तिचं पहिलं पान एका फोटोचं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

विसर्जनाच्या दिवशीचा फोटो आहे. उत्तरपूजा झालेली, गणपती पाटासकट खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून ठेवलेला आणि त्याच्याभोवती आम्ही एकोणीस जण. त्यातले पाच आता नाहीत. डाव्या बाजूला पडवीचं उघडं दार दिसतं, दारातून माटवीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीची, एक कड दिसते. उजव्या बाजूला मात्र दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, एक स्कूटर, आणि मागे शेत. ४ बाय ६ इंचांची चकचकीत प्रत आहे, एका कोपऱ्यावर पिवळा डाग. निगेटिव्ह सापडत नाही.

साल कुठलं यावर घरात एकमत नाही. थोरले काका म्हणतात २००३, बाबा म्हणतात २००४. मुलांच्या उंचीवरून ठरवायला गेलो तर प्रत्येक जण स्वतःला वेगळ्या इयत्तेत बसवतो.

तर प्रश्न असे. फोटो किती कापू? भोवती काय लावू, म्हणजे पान चतुर्थीचं वाटेल पण लग्नपत्रिकेसारखं दिसणार नाही? आणि आमच्याकडच्या पावसात ते टिकेल कसं? बाजारातली तयार पानं बघितली. बर्फ, घंटा, फुगे, नाहीतर सोनेरी वेलबुट्टी. आमच्या खळ्याशी त्यातलं काहीच जुळत नाही.

सुरंगी

अगं किती सुंदर विचार! मी गेली सहा वर्षं स्क्रॅपबुक करते, म्हणून अनुभवाचं सांगते.

१२ बाय १२ इंचांचं पान घे. फोटो बरोबर मध्यावर ठेवू नकोस, जरा वर सरकव, म्हणजे खाली लिहायला जागा मिळेल. रंग तीनच ठेव. चतुर्थी म्हटलं की हात लाल-पिवळ्याकडेच जातो, पण फोटोवर आधीच एकोणीस जणांचे कपडे आहेत, त्यात भडक कागद आला की चेहरे मागे जातात. फोटोतलाच एखादा शांत रंग उचल. खळ्याच्या शेणाचा तपकिरी, नाहीतर चिऱ्याचा, जांभ्या दगडाचा तांबडा.

आणि उजवी बाजू सरळ काप. टॉवेल आणि स्कूटर गेली की सगळं लक्ष माणसांवर आणि गणपतीवर येईल.

रातांबा

स्कूटर कापायच्या आधी ती कुणाची होती ते विचारून घ्या. तो माणूस चतुर्थीला जेवायला येणार असेल तर पान उघडल्यावर पहिला प्रश्न तोच विचारेल. :)

वाशिष्ठीकाठ

कापणं, सजवणं सगळं नंतर. आधी एक ऐका : मूळ फोटो पानावर चिकटवू नका.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन अल्बम होते. एक वडिलांचा, काळ्या जाड कागदाचा, फोटो नुसते कागदी कोपऱ्यांत अडकवलेले. दुसरा माझ्या लग्नाचा, चिकट पानं आणि वर पातळ प्लास्टिक असलेला. पाणी ओसरल्यावर दोन्ही चिखलातून काढले. वडिलांच्या अल्बममधले फोटो कोपऱ्यांतून आपसूक सुटले होते. ते एकेक करून स्वच्छ गार पाण्याच्या परातीत हलकेच हलवून धुतले, पृष्ठभागाला बोट लावलं नाही, आणि माडीवर कागद पसरून चेहरा वर करून सावलीत वाळवले. कडा वाकल्या, डाग राहिले, पण माणसं ओळखू येतात. आज ते माझ्याकडे आहेत.

लग्नाचा अल्बम मात्र पानाला पान चिकटून एक ठोकळा झाला होता. मी घाईत एक पान ओढलं आणि त्याबरोबर माझ्या आईचा चेहरा प्लास्टिकला चिकटून आला. ओला असताना तो सबंध अल्बम पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायला हवा होता. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि नंतर सवडीने एकेक फोटो सोडवायचा. त्या दिवशी हे सांगणारं कुणी नव्हतं आणि फ्रीझरही पाण्यातच होता.

म्हणून सांगतो, पानावर प्रत लावा, तीही कोपऱ्यांत अडकवून. मूळ फोटो वेगळ्या पाकिटात, वरच्या मजल्यावर. स्कॅन करून दोन-तीन भावंडांकडे पाठवून द्या. एका घरात पाणी शिरलं तरी दुसऱ्या घरात फोटो राहील.

सुरंगी

दादा, वाचून हात थांबला. आईचा दुसरा एखादा फोटो मिळाला का हो?

वाशिष्ठीकाठ

मिळाला. मावशीकडे होता, रत्नागिरीला. म्हणूनच तो भावंडांकडे पाठवायचा आग्रह.

देवगडकरीण

पुराचं दादांनी सांगितलंच. पण पूर न येताही आमच्या किनाऱ्यावर कागद कसा जातो ते मी सांगते.

माझ्या सासूबाईंना वर्तमानपत्रातली कात्रणं, पत्रिका, फोटो सगळं वहीत लावायची आवड. चिकटवायला घरचीच खळ, मैद्याची. वही दिसायला देखणी. तीन पावसाळ्यांनंतर उघडली तर जिथे जिथे खळ लावली होती तिथे तिथे कागदाची जाळी. कसर लागली होती. ती चंदेरी, चपळ, पान उलटलं की सुळकन शिवणीत शिरणारी. तिला पिठाची खळ म्हणजे जेवणाचं ताट. आणि वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडतं तेव्हा शेजारच्या कागदावरही आपला चौकोन उमटवून जातं, तेही बघितलं.

त्यामुळे जांभ्याची_पायरीताई, माझे नियम ऐका. पिठाची खळ नको. सेलोटेप नको, ती पिवळी होऊन सुटते आणि डाग मागे ठेवते. पानाचा कागद आम्लविरहित घ्यायचा, दुकानात ॲसिड-फ्री म्हणून मागितला की देतात. वरचं पाकीट पीव्हीसीचं नको. नवं असताना ज्या प्लास्टिकला उग्र वास येतो ते बहुधा तेच. पॉलिप्रॉपिलीनचं घ्यायचं. लॅमिनेशन तर मुळीच नको. एकदा केलं की परत काढता येत नाही, आणि कडेने ओल शिरली की आतच राहते.

आणि पानावर खरे तांदूळ, खऱ्या अक्षता, खरं कुंकू लावू नका हो. अक्षतांनी किडे येतात, कुंकू समोरच्या पानावर उमटतं. आमच्याकडे जाऊबाईंनी हौसेने लावलं होतं, समोरच्या पानावरच्या सगळ्या माणसांच्या कपाळाखेरीज सगळीकडे कुंकू लागलं.

वही भिंतीला लागलेल्या फडताळात ठेवू नका. पावसात ती भिंत ओल ओढते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की एकदा वही उघडून पानं चाळायची. उन्हात मात्र ठेवायची नाही.

पावशा

तांत्रिक भाग माझ्याकडे.

मूळ फोटो ४ बाय ६ आहे ना? ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कर. २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतील, म्हणजे ३०० डीपीआयने छापलं तर ८ बाय १२ इंचांपर्यंत प्रत नीट येते. त्याहून मोठी करायच्या भानगडीत पडू नकोस, चेहरे विरघळतात. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नकोस, चकचकीत प्रतीवर खिडकी चमकते. स्कॅनरची काच आधी पुसून घे.

छापायला लॅबमध्ये दे. घरच्या इंकजेटवर साध्या शाईने काढलेली प्रत दमट हवेत रंग सोडते. ओला हात लागला तर विचारूच नकोस.

पिवळा डाग मूळ प्रतीवरून पुसायला जाऊ नकोस. स्कॅनवर काढ. पण न काढलेली फाइलही जपून ठेव.

पिंगुळीचो_झिल

ताई, तुमी कुडाळाकडच्या, मगे बर्फ नि घंटा कित्याक शोधतास? पिंगुळी थंयच आसा!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाची चित्रकथी. कथेच्या क्रमाने लावलेली सुट्टी चित्रं म्हणजे पोथी, आणि एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. पोथीतल्या माणसांचे चेहरे एका बाजूने, डोळे मोठे, आणि सगळी एका ओळीत येऊन उभी. तुमच्या फोटोतही एकोणीस माणसं तशीच उभी आहेत. पानाची कड त्या पद्धतीने काढा. कलाकारांकडून काढून घेतलीत तर फारच छान, त्यांच्या हाताला काम मिळेल.

खाजणवाट

सूचना चांगली आहे, पण मी सावंतवाडीकडचा, मी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्तेच सुचवणार. दशावतारी गंजिफाचा डाव एकशेवीस पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. पान गोल, कडेला रंगीत पट्टा, मध्ये चित्र. जे पाच जण आता नाहीत त्यांचे चेहरे गोल आकारात वेगळे काढून तशा पट्ट्यात बसवता येतील.

देवगडकरीण

खाजणवाट, पटलं नाही. त्या पाच जणांना गर्दीतून उचलून वेगळं गोलात बसवलं की ते पान श्रद्धांजलीचं होईल. फोटोत ते सगळ्यांबरोबर हसत उभे आहेत. तसेच राहू देत.

खाजणवाट

मान्य. हा विचार मी केला नव्हता. गंजिफा कडेलाच बरा.

जांभ्याची_पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाशिष्ठीकाठदादा, तुमचं वाचून आज सकाळी पहिलं काम स्कॅनचं केलं. फाइल चार घरी गेली.

देवगडकरीणताईंचं म्हणणं मलाही मनापासून पटलं. आजी फोटोत गणपतीकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडेही नाही. ती माझ्या धाकट्या चुलत भावाच्या सदऱ्याचं बटण लावतेय. तिला तिथून हलवायचं नाही.

चित्रकथी की गंजिफा, हे माझं अजून ठरत नाही. दोन्ही आपलं आहे, दोन्ही सुंदर आहे, पण आमच्या घरात त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी घरात जे होतं तेच पानावर यावं असं आतून वाटतंय.

सुरंगी

मग माटवी!

अगं, तूच लिहिलंस की दारातून माटवीची कड दिसते. पानाच्या वरच्या बाजूला दोन इंचांची पट्टी सोड, तीच माटवी. गणपतीच्या डोक्यावर चौकट बांधतात तशी पानाच्या डोक्यावर. तिला एकोणीस वस्तू टांगायच्या आणि प्रत्येक वस्तूवर एका माणसाचं नाव. नारळ आजोबांचा, सुपारीचं शिपटं मुलांचं. मला लिहितानाच दिसतंय!

पावशा

एकोणीस वस्तू टांगल्यास तर दोऱ्या लोकांच्या डोक्यावर येतील. मागच्या रांगेतल्या सगळ्यांच्या नाकासमोर पडवळ. :D

रातांबा

आमच्याकडे एका काकांच्या नाकासमोर खरंच पडवळ असायचं. आरतीला उभं राहायची त्यांची जागा ठरलेली आणि माटवीत पडवळाची जागाही ठरलेली. दोघंही हलायचे नाहीत.

गुहागरची_वाट

आमच्याकडे रत्नागिरी बाजूला मंडपी म्हणतात. गोव्यात माटोळी. काय काय बांधता तुम्ही? आमच्याकडे नारळ, सुपारी, काकडी, आंब्याचे टाळे, आणि कवंडळ हवंच. ते लालबुंद गोल फळ नसलं तर मंडपी सुनी वाटते.

देवगडकरीण

कवंडळ हवंच. शिवाय तवसं, चिबूड, दोडका, कांगणीचे घोस, आणि शेरवडाची ती पांढरी पानं. हिरव्या रानात ती लांबून कुणी रुमाल वाळत घातल्यासारखी दिसतात. आदल्या दिवशी मुलं रानात पाठवायची आणि ती शेरवड आणायला म्हणून जाऊन दुपारी चिखलाने माखून यायची. तेरडा मात्र आम्ही गौरीसाठी ठेवायचो.

गुहागरची_वाट

आणि गौरीला घावन-घाटलं!

पिंगुळीचो_झिल

काळ्या वाटाण्याचा सांबारा नि वडे. विषयच बंद.

वाशिष्ठीकाठ

विषय बंद करू नका, ताईंचं पान अर्धवट आहे. शेरवडाचं पान खरं वाळवून लावायचा मोह होईल. वर्तमानपत्रात घालून, वर वजन ठेवून, कागद रोज बदलला तरी पावसाळ्यात ते तपकिरी पडतं, नाहीतर बुरशी धरतं.

पावशा

त्याला सोपा उपाय आहे. ताजं पान, ताजं कवंडळाचं पान, आंब्याचा टाळा थेट स्कॅनरच्या काचेवर ठेव (काचेवर आधी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक अंथर) आणि स्कॅन कर. शिरान् शिर येते. लॅबमध्ये छापून कातरीने कापून लाव. रंग लवकर जात नाही, किडा लागत नाही. फळं जाड असतात, त्यांचे फोटोच काढ.

जांभ्याची_पायरी

हे ठरलं! माटवीची पट्टी वर. वस्तू सहाच. फोटो ९ बाय ६ इंचांचा, म्हणजे १२ इंचांच्या पानावर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच उरतात आणि खाली नावांना जागा राहते. उजवी बाजू कापायची की नाही, एवढंच राहिलं. कापली तर माणसं मोठी दिसतील, हे सुरंगीचं खरं आहे. आज रात्री दोन्ही तऱ्हेने लावून बघते.

आगरातला_नाना

मुली, मी इथे फारसा लिहीत नाही, वाचतो. कापू नकोस. आधी तो उजवीकडचा शेताचा तुकडा मोठा करून इथे लाव बघू. मला भात बघायचं आहे.

जांभ्याची_पायरी

नाना, लावलाय. टॉवेलच्या आणि स्कूटरच्या मधून जेवढं दिसतं तेवढं. जरा धूसर आहे.

आगरातला_नाना

पुरेसं आहे.

तुमच्या घरात भांडण २००३ की २००४ असं आहे ना? जुनं पंचांग काढून बघितलं. २००३ ची चतुर्थी ३१ ऑगस्टला, २००४ ची १८ सप्टेंबरला. पाच दिवसांचा गणपती म्हणजे विसर्जन एका साली ४ सप्टेंबर, दुसऱ्या साली २२ सप्टेंबर. मध्ये अठरा दिवस. माणसाच्या चेहऱ्यात अठरा दिवसांनी काही फरक पडत नाही, भातात पडतो.

या फोटोत स्कूटरच्या आरशाच्या वर बघ. लोंब्या बाहेर आलेल्या आहेत आणि नुसत्या आलेल्या नाहीत, वाकलेल्या आहेत. शेंड्याकडे पिवळसर झाक आहे. म्हणजे दाणा भरलाय. जूनच्या पहिल्या पावसावर पेरलेलं आणि जुलैत लावलेलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात सप्टेंबर लागताना नुकतं निसवलेलं, लोंबी बाहेर आलेलं असतं. तेव्हा लोंबी हिरवी आणि ताठ उभी असते. हा फोटो ४ सप्टेंबरचा असता तर ती अशी वाकलेली दिसली नसती.

एक मात्र विचारून घे. घराजवळच्या त्या कुणग्यात, शेताच्या तुकड्यात, तेव्हा हळवं लावत होते का? गरवं, उशिरा पिकणारं असेल तर २२ सप्टेंबरलासुद्धा ते पोटरीतच, लोंबी बाहेर न आलेलं असायचं, म्हणजे हे हळवंच असणार. पण त्या साली पाऊस कसा होता, लावणी कधी झाली, यावर आठ-दहा दिवस मागेपुढे होतात. एका लोंबीवर मी शपथ घेणार नाही. माझा कौल २००४ ला.

सुरंगी

नाना!! आणि मी तो तुकडा कापायला सांगत होते. माझी सूचना मागे घेते. टॉवेलसुद्धा राहू देत.

रातांबा

स्कूटर वाचली!

जांभ्याची_पायरी

अंगावर काटा आला वाचताना. काकांना लगेच फोन केला. घराजवळच्या कुणग्यात हळवंच लावायचे, दिवाळीआधी घरात यावं म्हणून. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पण २००३ ला रंजूचं लग्न झालं, लग्नानंतरचा पहिला गणपती, तोच हा." रंजू म्हणजे माझी धाकटी आत्या, बेळगावला असते. मागच्या आठवड्यात तिला फोटो पाठवला होता तर तिने नुसतं हृदय पाठवलं होतं. आता सरळ फोनच करते.

जांभ्याची_पायरी

झालं! साल ठरलं!

आत्याला म्हटलं, फोटो मोठा करून बघ आणि सांग. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पाटाच्या पायाशी काय आहे ते बघ." मी इतके दिवस ती स्टीलची वाटी समजत होते. ती वाटी नाहीये. चांदीचं निरांजन आहे. स्कॅन पूर्ण मोठा केला तर वातीची काळी कड आणि दांडीवरची छोटी पाकळी दिसते.

ते निरांजन आजीने आत्याच्या यजमानांना अधिक महिन्यात दिलं होतं. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, जावयाला तेहतीस अनारसे आणि वर ते निरांजन. चतुर्थीला येताना आत्या ते मुद्दाम बेळगावहून पिशवीत घालून घेऊन आली, आईने दिलेलं एकदा माहेरच्या गणपतीपुढे लागावं म्हणून. २००३ ला अधिक महिना नव्हता. २००४ ला श्रावण अधिक होता, म्हणून तर चतुर्थी एवढी उशिरा गेली.

नाना, तुमचं भात आणि आत्याचं निरांजन, दोन्ही एकाच सालावर येऊन थांबलं. २२ सप्टेंबर २००४.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पहिल्या वर्षीचा फोटो वेगळा असणार, तो शोधायला हवा." आता ते माळ्यावर चढलेत.

आगरातला_नाना

काकांना सांभाळून चढायला सांग. अधिक महिना माझ्या ध्यानात यायला हवा होता. छान झालं.

वाशिष्ठीकाठ

तारीख फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. दाबून लिहिलं की पुढे उमटतं, आणि गुळगुळीत पाठीवर शाई वाळत नाही, पुसटते. मूळ फोटोच्या पाकिटावर लिहा, फोटो आत घालायच्या आधी.

खाजणवाट

आता नावांचा प्रश्न. सहाच वस्तू टांगणार म्हणजे एकोणीस नावं कुठे जाणार? मी नकाशे काढायचं काम करतो, त्यातली एक युक्ती सांगतो. आमच्याकडे पॉलिएस्टरची ट्रेसिंग फिल्म असते, दुधी रंगाची. ती फोटोच्या मापाची कापायची, फोटोवर ठेवायची आणि माणसांच्या नुसत्या बाह्यरेषा काढायच्या, डोकं आणि खांदे. प्रत्येकात आकडा. ती फिल्म वरच्या कडेला बिजागरीसारखी बसवायची, म्हणजे उचलली की खाली फोटो, सोडली की आकडे. खाली आकड्यांपुढे नावं. साधा ट्रेसिंग पेपर घेऊ नका, आपल्या हवेत तो पापडासारखा फुगतो. फिल्म फुगत नाही आणि तिच्या खरखरीत बाजूवर पेन्सिल छान उठते.

सुरंगी

हे मी माझ्या सगळ्या पानांना करणार आहे. इतकी वर्षं मी फुलं लावत बसले आणि नावं लिहायची राहिली.

देवगडकरीण

नाव लिहिताना नुसतं नाव नको गं. "सौ. अमुक" लिहिलं तर तीस वर्षांनी तुमच्या नातवंडाला काय कळणार? नातं लिहा, आणि त्या दिवशी ते माणूस काय करत होतं ते चार शब्दांत. आजीसमोर "बटण लावतेय" असं लिहा. माणूस लगेच उभं राहतं.

पिंगुळीचो_झिल

नि ता मालवणीत लिवा. घरात बोलतास तसाच.

जांभ्याची_पायरी

पान झालं. आज सकाळी गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, पाट देऊन आले आणि दुपारी बसून पुरं केलं. फोटो चढवलाय, पण इथे लहान दिसतो, म्हणून लिहूनही सांगते.

पार्श्वभूमी चिऱ्याच्या तांबड्या रंगाची, कसलीही नक्षी नाही. वर माटवी : शेरवड, आंब्याचा टाळा, कवंडळ, तवसं, सुपारीचं शिपटं, नारळ. शेरवड अजून मनासारखा मिळाला नव्हता, तो चुलत भावाने सावंतवाडीच्या वाटेवर गाडी थांबवून काढून आणला आणि पिशवीत गुंडाळून रात्रीच्या गाडीने पाठवला. त्याच्याच सदऱ्याचं बटण आजी लावत होती. कडेला बारीक पट्टी चित्रकथीसारखी, ती मी स्वतः काढली नाही. पिंगुळीच्या एका कलाकाराकडून काढून घेतली, झिलाने गाठ घालून दिली.

फोटो पूर्ण. टॉवेल आहेत, स्कूटर आहे, शेत आहे. खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलंय : "२२ सप्टेंबर २००४. भात पिकत इलेला. रंजूचा निरांजन पाटाकडे."

फिल्मवर एकोणीस आकडे काढले. अठरा नावं लिहून झाली. काकांनी सांगितली, आत्याने दुरुस्त केली. सतराव्या आकड्यावर सगळे अडलेत. मागच्या रांगेत उजवीकडे, स्कूटरला टेकून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा उभा आहे, हातात झांजा. आमच्यापैकी कुणाचा नाही. बाबा म्हणतात भजनाला आला असेल, काका म्हणतात वाडीतला नाही. उजवी बाजू कापली असती तर तोही कापला गेला असता.

त्याच्या आकड्यापुढची ओळ मी रिकामी ठेवलीय. चतुर्थीला घर भरेल तेव्हा वही पडवीत उघडी ठेवणार आहे, आणि पानाच्या कडेला दोऱ्याने पेन्सिल बांधलीय.

रातांबा

स्कूटर कुणाची होती ते कळलं का? मुलगा कदाचित तिच्यावरूनच आला असेल.

जांभ्याची_पायरी

अगं बाई. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. थांब, काकांना फोन करते.